आखाड, श्रावण आणि माझं पित्ताशय

पित्ताशय नावाचा अवयव आपल्या पोटात आहे, हे मला तो काढून टाकायची वेळ आली तेव्हा कळलं. शाळेत त्याची आकृती काढली असणार, हिरवा रंगही भरला असणार. पण त्यानंतर चाळीसएक वर्षं आमचा एकमेकांशी काही संबंध आला नाही. ते आपलं काम गुपचूप करत होतं आणि मी जेवत होतो.

बिनसलं ते गडहिंग्लजच्या एका लग्नात. पंगतीत मी मठ्ठ्याआधी जिलेबी आणि मठ्ठ्यानंतर पुन्हा जिलेबी असा साधाच क्रम ठेवला होता, आणि भजी मोजायची नसतात हा आमच्या घराण्याचा नियम आहे. रात्री उजव्या बरगडीखाली जे दुखायला लागलं ते पाठीतून खांद्यापर्यंत चढलं. मी "गॅस आहे" असं जाहीर केलं. मग ओवा चावला, सोड्याची बाटली रिचवली, आईने बेंबीभोवती हिंगाचा लेप घातला, मेहुण्याने फोनवरून पवनमुक्तासन सांगितलं ते करायला गेलो तर गुडघे छातीशी आले पण परत जाईनात, आणि त्या गाठोड्याच्या अवस्थेत मी पहाटेपर्यंत "गॅसच आहे" म्हणत राहिलो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, गॅस असता तर एव्हाना सिलिंडर संपला असता. उठा."

सोनोग्राफीत खडे निघाले. खडे म्हटल्यावर मला उलट हायसंच वाटलं, कारण खड्यांचा अनुभव आमच्याकडे पिढीजात. आत्याने गावाकडून कुळीथ धाडले, त्याचं कढण सकाळ-संध्याकाळ पोटात जाऊ लागलं, आणि मित्रांनी बिअरने खडे वाहून जातात असं सांगितलं तेव्हा वैद्यकीय सल्ला म्हणून तोही मी मोडला नाही. सर्जनसमोर हा सगळा इलाज अभिमानाने सांगितला. त्यांनी शांतपणे कागदावर दोन चित्रं काढली, एक मूत्रपिंडाचं, एक पित्ताशयाचं. दोघांच्या मध्ये रस्ता नव्हता.

यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं, पित्ताशय त्यातलं थोडं साठवून, आटवून ठेवतं आणि आपण तेलकट-तुपकट खाल्लं की स्वतःला आवळून ते आतड्यात सोडतं. बहुतेक वेळा पित्तातलं कोलेस्टेरॉल साखळून खडे होतात, आणि पिशवी आवळताना खडा तोंडाशी अडकला की कळ येते. म्हणजे मूळ भज्यांपाशी होतं. ऑपरेशन दुर्बिणीतून, चार बारीक भोकं पाडून व्हायचं होतं. धीर यावा म्हणून मी त्याची माहिती वाचत बसलो, तर मुंबईत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी हे ऑपरेशन १९९० मध्येच केलेलं. मी बँकेत लागलो तेही त्याच सुमाराला. म्हणजे इतकी वर्षं ही माणसं लोकांच्या पोटात दुर्बीण घालत होती आणि मी भजी.

निघताना सर्जन म्हणाले, "तोवर नीट खा, अंगात ताकद राहू द्या. फक्त तेल-तूप सांभाळा."

मला पहिलं वाक्य ऐकू आलं.

आता आमच्या कोल्हापुरात आषाढाला आखाड म्हणतात, आणि आखाड म्हणजे श्रावण लागायच्या आत मटणाची सगळी देणी मिटवायची. मी सहकारी बँकेत हिशेबनीस. बाकी काढायला मला आवडतं, ठेवायला नाही. त्यातून ऑपरेशन ठरलं होतं ऐन श्रावणात, पुढे पथ्य, पुढे गणपती, पुढे पितृपंधरवडा, म्हणजे दसरा उजाडेपर्यंत तोंडाला रस्सा लागायची चिन्हं नव्हती. मित्राच्या मळ्यावर चुलीवरचा बेत होता. घरी "नुसता बसून येतो" असं सांगून गेलो. तिथे मंडळींनी माझ्या पित्ताशयाचा निरोप समारंभ ठेवलेला. एकाने चक्क श्रीफळ आणलं होतं. भाषणं झाली. "ज्या अवयवाने इतकी वर्षं आमच्या मित्राला जेवणात साथ दिली..." असं कुणीतरी म्हणालं आणि मला खरोखर भरून आलं. मग तांबडा झाला, पांढरा झाला, सुकं झालं. पथ्य मी मोडलं नाही. तांबड्यावरचा कट चमच्याने काढून वाटीत बाजूला ठेवत गेलो, आणि वाटी भरल्यावर अन्न वाया जाऊ नये म्हणून ती शेवटच्या भातावर ओतली.

सत्कारमूर्तीने मध्यरात्री आभार मानायला सुरुवात केली.

दवाखान्यात इंजेक्शन टोचताना सर्जन म्हणाले, "मी ताकद ठेवा म्हटलं होतं." मी म्हणालो, "तीच ठेवत होतो." त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे.

दुसऱ्या दिवसापासून मी विरक्त झालो. तांदळाची पेज, मीठ, पाणी. तूप बंद, दूध बंद, डाळही बंद, कारण डाळ म्हटली की फोडणी आली. बँकेतली मंडळी "साहेब, उतरलात हो!" म्हणू लागली तेव्हा मला कानशिलं गरम होईपर्यंत आनंद झाला. चांभाराकडून पट्ट्याला एक भोक जास्तीचं पाडून घेतलं आणि येईल त्याला ते दाखवू लागलो. पोटाला भोकं पाडायच्या आधी पट्ट्याला पाडून घेतलं, असा एक विनोदही तयार केला होता. बायको हसली नाही. ती मला धरून आहारतज्ज्ञांकडे घेऊन गेली.

आहारतज्ज्ञ म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची मुलगी. तिने वही उघडली आणि विचारलं, "काका, काल दिवसभरात काय काय खाल्लंत?"

"पेज."

"आणि?"

"मीठ."

तिने पेन खाली ठेवलं. मग जे सांगितलं ते ऐकून माझी विरक्ती डळमळली. पहिली गोष्ट अशी की, उपाशी राहिलं की पित्ताशयाला आवळायचं कारणच उरत नाही, पित्त आत तुंबून दाट होतं, आणि वजन भराभर उतरलं तर खडे व्हायला उलट मदतच होते. म्हणजे मटण खाऊन मी खडे दुखावले आणि पेज पिऊन वाढवायच्या बेतात होतो. दुसरी गोष्ट ऑपरेशनची. "काका, घर दुरुस्तीला काढायचं ठरलंय आणि तुम्ही विटा आणायच्याच बंद केल्यात," ती म्हणाली. १९३६ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला हायरम स्टडली नावाच्या सर्जनने पेप्टिक अल्सरच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या: ऑपरेशनच्या आधी ज्यांचं वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त घटलं होतं त्यांच्यातला जवळजवळ दर तिसरा दगावला, आणि बाकीच्यांत हेच प्रमाण शंभरात तीन-चार. मी पट्ट्यावरचं नवं भोक हाताने झाकून घेतलं.

मग प्रथिनांचा हिशेब निघाला. एरवी वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास भागतं. ऑपरेशनच्या आगेमागे १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, कारण जखम भरायची, रक्त भरून काढायचं आणि जंतूंना तोंड द्यायचं तर शरीर प्रथिनंच खर्ची घालतं, आणि ती ताटातून मिळाली नाहीत तर आपल्याच स्नायूंतून काढतं. माझं मूळ वजन ७४ किलो. म्हणजे रोजचे ९० ते ११० ग्रॅम. हिशेब म्हटल्यावर माझ्यात चैतन्य आलं. चपातीत तीन, घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात, पेलाभर दुधात सहा-सात, असं मी भराभर जमेला धरत गेलो, आणि जन्मभर दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवलेल्या या माणसाच्या लक्षात आलं की आपल्या एरवीच्या आहारात सर्वांत मोठी जमा चहाच्या खात्यावर आहे, आणि तीही त्यातल्या दुधामुळे.

"एका अंड्यात सहा ग्रॅम," ती म्हणाली. "उकडलेलं खा. सुरुवातीला पांढरं जास्त, पिवळं कमी."

"उद्यापासून श्रावण आहे."

"मग मासे, चिकन..."

"श्रावणच आहे."

"बरं, सोयाबीनच्या वड्यांना श्रावण लागतो का?"

मी आशेने बायकोकडे पाहिलं. "नाही लागत," बायको म्हणाली. सुक्या वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नासच्या वर प्रथिनं असतात म्हणे. हा पदार्थ मी लग्नापासून चुकवत आलो होतो. बायकोने मात्र तिथेच, त्या मुलीसमोर, पुढच्या आठवड्याचा बेत आखला. मुगाचं धिरडं, मोडाच्या मटकीची उसळ, ताक, दही, साय काढलेलं दूध, ते फाडून घरचं पनीर, आणि अधूनमधून सोयाबीन. मित्रांना हे कळलं तेव्हा त्यांनी बहिष्कार घातला. "साय काढलेलं? भावा, गंगावेशीतल्या कट्ट्यावर चल, म्हशीखालचा फेसाळ ग्लास मारू, टाके घालायच्या आधीच भरून येतील!" म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के, त्यातून ते न तापवलेलं. मी नको म्हणालो. कोल्हापुरात असं म्हणायला धैर्य लागतं.

अंड्यांचा प्रश्न आईने सोडवला. "डॉक्टर म्हणत असतील तर औषध समजून खा. पण श्रावणात माझ्या गॅसवर नको." म्हणून मी गच्चीवर विजेची किटली नेली आणि तीत अंडी उकडू लागलो. पहिलं अंडं फुटलं आणि त्याच्या पांढऱ्याचे धागे किटलीच्या तारेला असे गुंडाळले की नखाने खरवडत बसावं लागलं. दुसऱ्याच्या वेळी पाऊस आला, मी एका हातात छत्री आणि एका हातात किटली धरून उभा, आणि समोरच्या गच्चीवरच्या वहिनी बराच वेळ बघून शेवटी म्हणाल्या, "भावजी, होम आहे का काही?" त्या किटलीतलं पाणी पुढे कुणाकुणाच्या चहाला गेलं, ते इथे लिहीत नाही. आई हे वाचणार आहे.

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांनी तपासलं. "रोजच्या गोळ्यांशिवाय आणखी काही घेता?" या प्रश्नावर मी "काही नाही" म्हणालो आणि बायकोने पिशवी टेबलावर उपडी केली. लसणाच्या कॅप्सूल, ज्या मेहुण्याने कोलेस्टेरॉलसाठी दिल्या होत्या, स्मरणशक्तीची कसलीशी गिंको घातलेली गोळी, जी घ्यायची मी बहुतेक दिवशी विसरत असे, हळदीचा अर्क, आणि आत्याचा काढा, ज्यात काय आहे हे आत्या सांगत नाही. भूलतज्ज्ञांनी एकेक वस्तू उचलून बाजूला ठेवली. भाजीत पडणारा लसूण वेगळा. पण असले अर्क आणि कॅप्सूल रक्त गोठण्यात ढवळाढवळ करू शकतात, म्हणून त्या ऑपरेशनच्या आठवडा-दोन आठवडे आधीच बंद करायच्या. काढ्याची बाटली त्यांनी उघडून हुंगली आणि पटकन बंद केली.

"आदल्या रात्री बारानंतर काही खायचं नाही. पूर्ण उपवास."

उपवास म्हटल्यावर मी निर्धास्त झालो. उपवासात माझा हातखंडा आहे. "डॉक्टर," मी विचारलं, "साबुदाण्याची खिचडी चालेल ना?"

त्या बाईंनी चष्मा काढला. मग त्यांनी मला जे समजावलं ते आषाढी एकादशीला सार्वजनिक ठिकाणी लावण्यासारखं आहे. भुलेत गिळण्या-खोकण्याचं संरक्षण झोपी जातं. पोटात काही असेल तर ते वर येऊन थेट फुप्फुसात उतरू शकतं. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन या प्रसूतितज्ज्ञाने १९४६ साली ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदींतून अशी ६६ प्रकरणं शोधून छापली, आणि तेव्हापासून ऑपरेशनआधी पोट रिकामं ठेवण्याचा दंडक घट्ट झाला. हलकं खाणं असेल तर किमान सहा तास, तळलेलं-मटण वगैरे असेल तर आठ किंवा जास्त. दूध पातळ दिसलं तरी ते खाण्यातच जमा. पाणी किंवा बिनदुधाचा चहा मात्र दोन तास आधीपर्यंत थोडा चालतो. पूर्वी तोही बंद असे, आता उगाच कोरडं ठेवत नाहीत. "म्हणजे साबुदाणा नाही, शेंगदाणे नाहीत, वरीचे तांदूळ नाहीत, बटाट्याचा कीस नाही," त्यांनी बोटांवर मोजलं. "रताळं?" मी विचारलं.

बायकोने मला बाहेर नेलं.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे उठून मी कोरा चहा प्यायलो. त्याबद्दल जास्त बोलण्यात अर्थ नाही. दवाखान्यात पाठीमागून उघडा असणारा तो हिरवा झगा घातला आणि गादीवर बसलो. शेजारच्या खाटेपाशी पेशंटच्या नातेवाइकांनी पोह्यांचा डबा उघडला. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, फोडणीतला एक तळलेला शेंगदाणा डब्याच्या काठावर अडकलेला. तो शेंगदाणा पडतो की राहतो याकडे माझं इतकं लक्ष लागलं होतं की आई कधी आली ते कळलं नाही. ती पहाटेच अंबाबाईला जाऊन आली होती. कपाळाला कुंकू लावलं, अंगारा लावला, "आ कर" म्हणाली, मी केला. चांगला टपोरा पेढा होता, वेलदोड्याचा. जिभेवर विरघळेपर्यंत मी डोळे मिटून देवीचं नाव घेत होतो.

सिस्टर कागद घेऊन आल्या. "सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"काहीसुद्धा नाही," मी म्हणालो. "फक्त प्रसाद."

खवा म्हणजे आटवलेलं दूध, आणि दूध म्हणजे खाणं. माझा पहिला नंबर होता तो शेवटचा झाला. सर्जन येऊन बघून गेले, भूलतज्ज्ञ येऊन बघून गेल्या, हाऊसमन पोरं तर रांगेने येऊन बघून गेली. पेढा खाल्लेला पेशंट कोणता, असं त्यांना बघायचं होतं. आई प्रत्येकाला सांगत होती, "अहो, देवीचा प्रसाद आहे, त्याला काय होतंय!" आणि उरलेले पेढे वाटत होती. सगळ्यांनी घेतले. त्यांचं ऑपरेशन नव्हतं.

दुपारी ढगाळ उजेडात ते एकदाचं झालं. शुद्धीवर आलो तर उजवा खांदा ठणकत होता. मी ताबडतोब ओळखलं की यांनी चुकून खांद्याचं ऑपरेशन केलंय. बायकोला तसं सांगितलंही. पोट फुगवायला आत कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यामुळे श्वासपटल चुरचुरतं आणि तिथली नस खांद्याशी जोडलेली असल्याने दुखणं खांद्यात जाणवतं. एक-दोन दिवसांत तो वायू जिरतो. हे सिस्टरनी समजावेपर्यंत मी शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना साक्षीदार म्हणून उभं केलं होतं. खडे एका छोट्या बाटलीत घालून आमच्या हवाली करण्यात आले. पिवळसर, करडे, चण्याएवढे. आईने बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "एवढ्यासाठी?"

संध्याकाळी घोट घोट पाणी, मग ताकाचं पाणी, सकाळी मऊ भात आणि मुगाचं वरण. आताशा असंच करतात, उलटी-मळमळ नसेल तर लवकर खायला घालतात. आतडी रिकामी ठेवून काही मिळत नाही. पूर्वी मात्र वारा सरल्याशिवाय पाण्याचा थेंब देत नसत, आणि आमच्या सगळ्या नातेवाइकांचं वैद्यकीय शिक्षण त्या काळात पूर्ण झालेलं. त्यामुळे भेटायला येणारा जो तो दारातूनच विचारी, "काय, गॅस पास झाला का?" माझे बँकेतले साहेब, ज्यांच्याशी मी आजवर एनपीएशिवाय कशावर बोललो नव्हतो, त्यांनीही आवाज खाली आणून हेच विचारलं. "झाला, सर," मी म्हणालो. "अभिनंदन," ते म्हणाले, आणि हात पुढे केला.

आजाऱ्याला बघायला येणारा माणूस एक वस्तू आणतो आणि एक बंद करून जातो. समोरच्या वहिनींनी सफरचंदं आणली आणि भात बंद केला; भाताने जखमेत पू होतो. साहेबांनी शहाळी आणली आणि दही बंद केलं. मावशीने बटाटा, वांगं, गवार, हरभऱ्याची डाळ अशी वातूळ खात्याची पूर्ण यादीच काढून टाकली. आणि आंबट? आंबटाचं नुसतं नाव निघालं तरी खोलीत शांतता पसरे. आंबटाने टाके चिघळतात, हे सगळ्यांच्या कुणा ना कुणा काकांच्या बाबतीत घडलेलं होतं. घरी जायच्या दिवशी मी उरलेल्या खाद्यपदार्थांचा ताळेबंद मांडला. शिल्लक: सफरचंद आणि शहाळं.

आहारतज्ज्ञ मुलगी पुन्हा आली तेव्हा मी हा ताळेबंद तिच्यापुढे ठेवला. पू जंतूंमुळे होतो, भाताचा त्यात काही हात नाही, हे तिने एका वाक्यात निकालात काढलं. आंबटावर मात्र ती बसली. जखमेला धरून ठेवणारं कोलॅजन शरीरात नीट विणलं जायला सी जीवनसत्त्व लागतं, आणि ते आवळा, पेरू, लिंबू, संत्रं यांत भरपूर असतं. पेरूत तर संत्र्याच्या तीन-चार पट. बॉस्टनमधल्या जॉन क्रॅन्डन नावाच्या तरुण सर्जनने १९३९ मध्ये स्वतःवरच प्रयोग केला होता: भाज्या-फळं पूर्ण सोडली आणि मध्येमध्ये आपल्याच पाठीला छेद घेऊन पाहिला. तीन महिन्यांनी केलेली जखम भरली. सहा महिन्यांनी केलेली आतून भरेना. सी जीवनसत्त्व दिल्यावर भरली. मी हे सगळं वहिनींना सांगितलं आणि त्यांच्यादेखत वरण-भातावर लिंबू पिळलं. त्या जेवण होईपर्यंत माझ्या पोटाकडे बघत होत्या.

मित्र पांढऱ्या रश्श्याचा डबा घेऊन आले होते. श्रावण असल्याचं बायकोने दारातच सांगितलं. "वहिनी, पांढऱ्याला कसला श्रावण, नारळाचाच तर असतो," असं एकाने म्हणून पाहिलं. डबा परत गेला. त्याचा वास मात्र जिन्यात तासभर होता.

घरी आल्यावर पोटाने संप पुकारला. दुखण्यावरच्या गोळ्यांनी आतडी मंदावतात, त्यातून मी पाणी कमी पीत होतो आणि हालचाल म्हणजे कूस बदलणे एवढीच ठेवली होती. चालायला सांगितलं होतं, तर रंकाळ्यावर जायचं ठरवलं. रंकाळ्यावर हवा चांगली असते आणि भेळेच्या गाड्या असतात, म्हणून बायको सोबत यायला लागली. इसबगोल घेताना पेलाभर पाणी प्यायचं असतं. मी घोटभर प्यायलो. ते घशातच फुगलं आणि बराच वेळ मी हातवारे करून बोलत होतो. घरात सर्वांनी त्या शांततेचा उल्लेख पुढे आठवडाभर आपुलकीने केला.

आणि मग आत्याचा डबा आला.

डिंकाचे लाडू. बाळंतिणीला करतात तसे: तुपात तळून फुलवलेला डिंक, खारीक, सुकं खोबरं, खसखस, गूळ, वर हात सैल सोडून साजूक तूप. आत्याच्या मते पोटावर टाके पडले म्हणजे बाळंतपणच. आहारतज्ज्ञ मुलीने मला बजावलं होतं की पित्ताशय गेल्यावर पित्त साठवायला जागा नसते, ते यकृतातून थेंब थेंब थेट आतड्यात पडत राहतं. बहुतेकांना काही आठवड्यांत सगळं नेहमीचं खाता येतं, पण सुरुवातीला एकदम तूप-तेल रिचवलं तर पोट सुटू शकतं. म्हणून थोडं थोडं, आणि अनेकदा. "थोडं थोडं आणि अनेकदा" हे मी तंतोतंत पाळलं. रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात जायचं, स्टीलच्या डब्याचं झाकण अंगठ्याने कडेकडेने उचलायचं, कारण ते मधून उचललं तर 'टक्' असा आवाज होतो आणि आईला तो आवाज मंगळवेढ्यातूनही ऐकू येईल. मग अर्धा लाडू. थोड्या वेळाने उरलेला अर्धा. मग झाकण लावताना हाताला लागलं म्हणून आणखी एक.

पहाटे माझ्या आतड्यांना पित्ताशय नसल्याचं कळलं. मी टाक्यांवर हात दाबून, शिकवल्याप्रमाणे कुशीवर वळून उठलो आणि बाथरूमपर्यंत पोहोचलो. दाराला आतून कडी होती. मेहुणा मुक्कामाला आला होता. "दाजी, दोनच मिनिटं!" आतून आवाज आला. त्या दोन मिनिटांत मी सगळे देव आठवले, आहारतज्ज्ञ मुलगी आठवली, आणि आई दिवा लावून माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिने माझ्या ओठांवरची खसखस पाहिली. काही बोलली नाही. नुसती मेहुण्याच्या दारावर थाप मारून म्हणाली, "अरे, लवकर ये रे बाहेर. बाळंतिणीला जायचंय."

आता महिने उलटले. वजन ७४ वर परत आलंय, मटकी आणि सोयाबीन घरात कायमचे वास्तव्याला आलेत, रश्श्याचा कट मी खरोखर बाजूला काढतो आणि वाटी बायको उचलून नेते. खड्यांची बाटली आईने शोकेसमध्ये ठेवली आहे. चहाला आलेल्या पाहुण्यांना ती बाटली दाखवते आणि पेढ्याची गोष्ट सोडून बाकी सगळं सांगते. आत्याने मात्र मी अशक्त दिसतो म्हणून लाडवांचा दुसरा डबा धाडला आहे, आणि तो बायकोने कपाटात कुलपात ठेवला आहे. तुमच्यापैकी ज्यांचं पित्ताशय शाबूत असेल त्यांनी सवडीने येऊन लाडू घेऊन जावेत. येताना स्वतःची पिशवी आणा. डबा आत्याला परत द्यायचा आहे.